नव्या तलंगा आणि जुने खुराडे

खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी नव्या कोंबड्या जुन्या कळपात कशा मिसळवायच्या हा प्रश्न माझ्या आजीला कधी पडलाच नाही. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडायची आणि ती आईच्या पंखाआडून परसात फिरता फिरता कळपात केव्हा मिसळून जायची हे कुणाच्या लक्षातही येत नसे, कारण पिल्लांकडे मान वळवणाऱ्या कोंबडीच्या अंगावर त्यांची आई पिसे फुलवून धावून जाई. अडचण सुरू झाली ती आम्ही यंत्रात उबवलेली, आई नसलेली पिल्ले विकत आणू लागल्यावर.

गेल्या वर्षी मी गिरिराज जातीच्या पाच तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरण्या कोंबड्या, आणल्या. ही जात बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात परसातल्या पालनासाठी तयार झाली आहे. शेजारच्या कन्नड घरांत आमच्या गावरान कोंबडीला 'जवारी' म्हणतात आणि तिच्यापुढे गिरिराज वाढीला फारच वेगवान आहे. दहा आठवड्यांच्या त्या तलंगा माझ्या सात जुन्या कोंबड्यांच्या अंगाला अंग लावतील एवढ्या झाल्या होत्या, आणि मी तिथेच फसले. अंग मोठे झाले तरी आवाज अजून पिल्लाचाच होता, तुरा फिकट आणि इवलासा होता, आणि कोंबड्या माप घेतात ते वजनाचे नव्हे, हे मला उशिरा कळले.

काळोखात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून रात्री नव्या कोंबड्या गुपचूप दांडीवर बसवाव्यात, सकाळी जुन्यांना काही कळत नाही, असे सगळेच सांगतात. मी तसेच केले. ऐन आषाढातली सकाळ होती, पाऊस कोसळत असल्यामुळे दार उघडायला मला तासभर उशीर झाला, आणि उघडले तेव्हा एक तलंग पाण्याच्या भांड्यामागे डोके खुपसून बसली होती. तिच्या मानेवरची रुपयाएवढी जागा पिसे जाऊन लाल झाली होती. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचत राहतात, म्हणून तिला लगेच डालग्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली, वेगळे ठेवले आणि खोबरेल तेलात हळद कालवून लावली. चूक कोंबड्यांची नव्हती. पळून जायला जागा नसलेल्या बंद खुराड्यात मी अनोळखी पाहुण्या कोंडल्या होत्या.

कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचू शकते याची ठरलेली उतरंड असते. नॉर्वेच्या श्येल्डेरूप-एब्बे या अभ्यासकाने ती १९२१च्या सुमारास पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने मांडली. उतरंडीतले स्थान प्रत्येक कोंबडीला दुसऱ्या प्रत्येक कोंबडीबरोबर वेगवेगळे ठरवावे लागते. म्हणजे सात जुन्या आणि पाच नव्या असतील तर पस्तीस जोड्यांचा निकाल लागायचा असतो, आणि मी तो एका सकाळीत लागावा अशी अपेक्षा धरली होती. एकटी तलंग कधीच सोडू नये, यामागचे कारणही हेच: सातही जणींचा रोख तिच्या एकटीवर राहतो.

त्याआधीचीही एक पायरी मी गाळली होती. नव्या कोंबड्या निदान तीन-चार आठवडे घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवाव्यात, दाणापाणी आधी जुन्यांना आणि मग नव्यांना द्यावे, चपलाही वेगळ्या ठेवाव्यात. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस दिलेली आहे की नाही हे विकणाऱ्याला विचारूनच कोंबडी घ्यावी. शेपटीखालची पिसे बाजूला करून उवा पाहाव्यात. धोका उलट दिशेनेही असतो: जुन्या कोंबड्यांना सोसवलेली रक्ती हगवण तलंगांना पहिल्यांदाच गाठते, आणि आमच्याकडच्या पावसात ओल धरलेल्या भाताच्या तुसात ती झपाट्याने पसरते. तूस वरचेवर बदलणे हा त्यावरचा निम्मा इलाज आहे.

दुसऱ्या खेपेला मी परसाच्या मध्ये कोंबडीजाळी लावून तलंगांना पलीकडे दोन आठवडे ठेवले. पहिले तीन दिवस जुन्यांतली थोरली, जिला आम्ही घरात 'पाटलीण' म्हणतो, जाळीवर चोच आपटत येरझाऱ्या घालत होती. चौथ्या दिवशी ती जाळीला टेकून धुळीत लोळू लागली, आणि कोंबडा जाळीपाशी येऊन दाणा उचलून टाकत 'टुक टुक' करू लागला. मला तेव्हा जरा धीर आला. जाळी काढली ती दुपारी, आणि दाणे दोन ठिकाणी न ठेवता चार ठिकाणी पसरले, कारण भांडण बहुतेक वेळा भांड्यावरूनच पेटते. फांद्यांचा एक ढीग आणि दोन फुटकी डालगी उपडी घालून आडोसाही केला.

खाद्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. तलंगांना साधारण एक टक्का पुरते आणि त्याहून फार जास्त झाले तर मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून या काळात मी सगळ्यांना वाढीचेच खाद्य देते आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते. अंडी देणाऱ्या कोंबड्या आपल्या गरजेपुरता चुरा बरोबर वेचून खातात.

जाळी काढल्यावर जी धावाधाव होते ती पाहवत नाही, हे खरे. मी काठी घेऊन मध्ये पडले तेव्हा शेजारच्या मावशी कुंपणावरून म्हणाल्या, "बघत बस गे नुसतं, रगत दिसलं तरच हात घाल." मी त्यांचे ऐकले, आणि रक्त दिसले नाही. पाटलीण मात्र ऐकेना, म्हणून तिलाच तीन दिवस डालग्याखाली वेगळे ठेवले. ती परतली तेव्हा तिचीच जागा थोडी डळमळली होती आणि तलंगांकडे बघायला तिला सवड नव्हती.

आता संध्याकाळी कोंबड्या डालताना मी दांडीवर मोजते. प्रत्येकीला एक वीत जागा हवी म्हणून दुसरी दांडी बांधली आहे. मान सोललेली ती तलंग अजूनही दांडीवर चढत नाही, कौलांच्या ढिगावर जाऊन बसते, आणि मी तिला रोज रात्री उचलून टोकाला ठेवते.