अण्णांच्या गुडघ्यांच्या चालीनं पणजी

म्हार्दोळच्या महालसेचं दर्शन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची वाट धरायची, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा क्रम. चार पिढ्यांपासून आम्ही मिरजेचे, पण कुलदैवत गोव्यात. त्यामुळे गोव्याच्या वाऱ्या खूप झाल्या आणि गोवा पाहणं मात्र राहूनच गेलं. पणजी म्हणजे आमच्यासाठी मांडवीचा पूल आणि पुलावरून दिसणारं पांढरं चर्च, बस. यंदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अण्णांना घेऊन गेले आणि ठरवलं, एक सकाळ पणजीची. अण्णांना पंच्याहत्तरावं लागलंय, गुडघे बोलतात. वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यामागे धावणं त्यांना जमणारं नाही, म्हणून फक्त आम्हा दोघांसाठी अर्ध्या दिवसाची गाईड ठरवली. तिशीतली मुलगी, पणजीतच वाढलेली. मराठी छान, मधूनच कोकणीत घसरायची. पहिल्या पाच मिनिटांत अण्णा तिला ‘बाय’ म्हणू लागले आणि ती त्यांना ‘काका’.

सकाळी साडेसातला मांडवीच्या काठावर, जुन्या सचिवालयासमोर भेटलो. ही वास्तू मुळात आदिलशहाचा राजवाडा, १५०० च्या सुमाराची. पोर्तुगीज आले आणि वाडा त्यांचा झाला. जुन्या गोव्यात साथींनी माणसं पटापट मरू लागली तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉय इथे राहायला आला, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मुक्तीनंतर गोव्याची विधानसभा याच इमारतीत भरायची, २००० साली ती पर्वरीला गेली. अण्णा भिंतीवर हात ठेवून ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे राजधानीसुद्धा उचलून आणलेली.”

हे त्यांच्या तोंडून का आलं ते सांगायला हवं. आदल्याच दिवशी म्हार्दोळला आम्ही देवळाच्या पायरीवर बराच वेळ बसलो होतो. महालसा मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी तिला झुआरी नदीपार फोंड्याच्या बाजूला आणलं, आणि येताना वाड्याचं नावही सोबत आणलं. वेर्ण्यातल्या त्या जागेला आजही जुनं म्हार्दोळ म्हणतात. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. ही हकिगत अण्णांना लहानपणापासून पाठ आहे. पण त्या दिवशी पायरीवर बसून ते म्हणाले, “रात्री होडीत देवी घेऊन बसलेल्या त्या माणसांना काय वाटलं असेल गं?” आणि मग बराच वेळ बोललेच नाहीत. तोच प्रश्न मनात घेऊन ते पणजीत फिरत होते.

सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. लांब झगा घातलेला पाद्री, पसरलेले हात, आणि त्या हातांखाली मागे कलंडत चाललेली बाई. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा मुलगा वडिलांबरोबर लिस्बनला गेला, रोमला शिकून पाद्री झाला आणि पुढे पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून नावाजला. संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीही चुंबकशक्ती नसते, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, हे ठामपणे सांगणाऱ्या पहिल्या माणसांपैकी तो एक. गोव्यात त्याची एक आख्यायिका घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि शब्दच फुटेना. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” आणि पोराची जीभ मोकळी झाली. अण्णांनी हे वाक्य तीनदा म्हणायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं. पुतळा १९४५ चा, घडवणारे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. त्या बाईच्या झुकलेल्या पाठीचा तोल ब्राँझमध्ये कसा पेलला असेल, हे बघायला मी दोन प्रदक्षिणा घातल्या.

नदीत कॅसिनोची जहाजं उभी असतात. ज्या काठावर उभं राहून मांडवी पाहावी, तिथून आता दिवसाही त्यांचे फलक दिसतात. मला ते मनापासून खुपलं. गाईडनं नुसतं तिकडे पाहिलं आणि आम्हाला आतल्या रस्त्याला वळवलं.

म्हामाय कामतांच्या जुन्या घरावरून पुढे गेलो. या घराण्याचा व्यापार समुद्रापार चालायचा आणि त्यांची दप्तरं पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी अशा अनेक भाषांत आहेत. एका व्यापाऱ्याच्या पेढीवर एवढ्या भाषांची टाचणं! पुढे पोस्टाच्या चौकात १७८७ च्या पिंटोंच्या बंडाची गोष्ट निघाली. गोव्यातल्या पाद्र्यांनी आणि सैनिकांनी पोर्तुगीजांविरुद्ध कट केला, तो फुटला आणि पंधरा जणांना मृत्युदंड झाला. आपल्याकडे शाळेत १८५७ पासून सुरुवात करतात. हे सत्तर वर्षं आधीचं.

मग फोंताइन्यास. या वस्तीसाठी मी आले होते, आणि इथेच आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या एका माणसाची ही माडांची बाग. त्याला लोक ‘मोसमीकार’ म्हणायचे. अठराव्या शतकाच्या शेवटी इथे घरं उभी राहू लागली आणि आल्तिनो टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यामुळे वस्तीला हे नाव मिळालं, फोंताइन्यास म्हणजे छोटे झरे. घरं एकमेकांना खेटून, निळी, पिवळी, शेंदरी. पांढरा रंग फक्त चर्चसाठी राखलेला असायचा असं सांगतात. कौलारू छपरांवर मातीचे कोंबडे, दारावर निळ्या-पांढऱ्या टाइलवर घराचं नाव.

पण माझं मन अडकलं ते खिडकीत. एका बंद घराच्या खिडकीला काचेऐवजी शिंपले होते. तळहाताएवढे चपटे, चौकोनी कापलेले, लाकडी पट्ट्यांच्या खाचांमध्ये एकावर एक सरकवलेले. काच परवडायची नाही तेव्हा गोव्यात सर्रास हेच वापरायचे. मी जवळ गेले. प्रत्येक शिंपल्यावर बारीक वर्तुळं होती, कांद्याच्या पापुद्र्यावर असतात तशी, आणि कडेला अभ्रकासारखा पापुद्रा सुटत होता. ऊन पलीकडून येत होतं ते पार निवून, ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं. एक शिंपला निसटलेला, तिथे पत्र्याचा तुकडा ठोकला होता. हे शिंपले झुआरीच्या खाडीत चिखलीजवळ अजून मिळतात, पण काढायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे फुटलेल्याच्या जागी नवा बसत नाही. अण्णा म्हणाले, “माझी आजी म्हणायची, तिच्या घरी अशी खिडकी होती. मला वाटायचं, ती बढाई मारते.”

गल्लीत एक जोडपं फोटोग्राफर घेऊन एका घराच्या जिन्यावर चढलं होतं. दारावर ‘फोटो काढू नयेत’ अशी स्वच्छ पाटी. आतून एक म्हातारी बाई आली, काही बोलली नाही, फक्त दारात उभी राहिली. आमच्या गाईडनं पुढे होऊन त्या जोडप्याला समजावलं, त्या बाईंना “देव बरें करूं” म्हटलं आणि आम्हाला घेऊन निघाली. ही माणसांची राहती घरं आहेत. तिथे अंथरुणाला खिळलेले आजोबा असतात, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं असतात. तुम्ही गेलात तर आवाज खाली ठेवा आणि जिन्यावर बसू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

नऊच्या सुमाराला सायकलवरून पदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत गेला. मग आम्हीही एका छोट्या हॉटेलात बसलो. पातळ भाजी, उंडे म्हणजे गोल पाव, आणि बन्स. बन्स म्हणजे पिकल्या केळ्याची टम्म गोड पुरी. ती तिखट भाजीबरोबर खायची हे अण्णांना आधी पटेना, मग दुसरी मागवली.

वस्तीच्या टोकाला सेंट सेबॅस्टियनचं चॅपेल आहे. लहानसं, पांढरं, १८१८ चं. आतला क्रूस पाहून मी थबकले. येशूची मान कललेली नाही, डोकं ताठ आहे आणि डोळे उघडे. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षं सोडली तर, गोव्यात हे धर्मन्यायालय चाललं. ज्यांची चौकशी व्हायची त्यांच्यासमोर हे उघडे डोळे असायचे. न्यायालय बंद झालं, क्रूस आदिलशहाच्या वाड्यातल्या चॅपेलमध्ये आला आणि १९१८ मध्ये इथे. आमची देवी नदीपार गेली ती याच काळात. मला वाटलं अण्णा बाहेर पडतील. ते बाकावर बसले आणि बसूनच राहिले. शेवटच्या बाकावर एक बाई जपमाळ ओढत होत्या. निघताना अण्णांनी त्यांना नमस्कार केला, त्यांनीही हात जोडले. बाहेर आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, “डोळे तर त्याचेही उघडे होते. त्यालाही सगळं बघावंच लागलं.” पंधरा मिनिटं गेली असतील. मोठ्या घोळक्याबरोबर आलो असतो तर दोनसुद्धा मिळाली नसती.

शेजारच्या मळा या भागातला झरा पाहिला, तिथून गाडीनं आझाद मैदानावर. मैदानातल्या मंडपाचे खांब जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन चर्चचे. १८४७ मध्ये ते इथे उभारले ते गोवा जिंकणाऱ्या आफोंसो द आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी. आज तो पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे आणि मंडपात गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक. खांब तेच. एव्हाना अण्णांनी वहीत एक यादीच सुरू केली होती: राजधानी, क्रूस, खांब. समोरच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात भिंतभर निळ्या टाइलवर पोर्तुगीज महाकवी कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग चितारलेत. सुंदर आहेत, पण ऊन चढत होतं आणि चर्च राहिलं होतं, म्हणून तिथे घाई केली.

आमच्या नशिबानं चर्चचा परिसर सणाच्या तयारीत होता. आठ डिसेंबरला आमोरी सायबिणीचं, म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शनचं, फेस्त. नव्या चुन्यानं चर्च डोळे दिपवत होतं आणि खाली खाज्यांची दुकानं लागली होती. बेसनाची बोटाएवढी शेव तळून गुळाच्या पाकात घोळवायची, वरून आलं आणि तीळ. विकणारी बाई परातीतली खाजी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून बोटांनी भराभर सोडवत होती, तिची नखं गुळानं तपकिरी झाली होती. पाव किलो घेतली. अण्णा पायऱ्या चढले नाहीत. खालीच दगडावर बसून त्यांनी तो नागमोडी जिना डोळे भरून पाहिला.

१५४१ मध्ये इथे नुसतं चॅपेल होतं, चर्च १६१९ मध्ये बांधलं. लिस्बनहून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेले खलाशी आधी इथे उतरून आभार मानायचे आणि मग जुन्या गोव्याला जायचे. वर टांगलेली मोठी घंटा ऑगस्टिनियन मठाची. मठ ओस पडला, घंटा आधी आग्वादच्या किल्ल्यावर गेली आणि १८७१ मध्ये इथे चढवली. गोव्यातली ही दुसऱ्या क्रमांकाची मोठी घंटा. अण्णांनी वही उघडायच्या आधीच गाईड हसून म्हणाली, “लिहा काका, हीसुद्धा आणलेली.”

शेवटचं ठिकाण तिनं मुद्दाम राखून ठेवलं होतं. चर्चपासून थोड्याच अंतरावर महालक्ष्मीचं देऊळ. पोर्तुगीज अमलात पणजीत परवानगी मिळून उभं राहिलेलं पहिलं देऊळ, साल १८१८. चॅपेलचंही तेच साल, हे माझ्या तिथेच लक्षात आलं. देवी मूळ ताळगावची, तिथून भक्तांनी तिला डिचोलीकडे मयेला नेलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या गेल्यावर परत येताना ती पणजीत आली, असं गाईडनं सांगितलं. ती हे सांगताना मंडपात पंखा फिरत होता, पुजाऱ्यांनी अण्णांच्या हातावर तीर्थ घातलं, आणि चर्चची दुपारची घंटा झाली. अण्णांनी खिशातून म्हार्दोळच्या प्रसादाचं फूल काढलं, सुकून गेलेलं. पुजाऱ्यांना विचारून ते देवीच्या पायरीवर ठेवलं.

“बाय, ताळगाव इथून किती लांब?”

“इथेच काका. गाडीनं दहा मिनिटं.”

अण्णांनी मान हलवली. साडेबारा वाजले होते, सकाळ संपली होती. गाईडला अर्धी खाजी बांधून दिली, ती नको नको म्हणत होती तरी. गाडीत बसल्यावर चालकानं विचारलं, हॉटेलवर घेऊ ना? अण्णा म्हणाले, “ताळगावावरून घ्या.”

मी घड्याळ लावलं. वाटेत शाळा सुटली होती, तरी बारा मिनिटांत पोहोचलो.