बरहीच्या डोहातली सूंस: ग्वाल्हेरहून एका दिवसाची चंबळवारी

चंबळमधली सूंस, म्हणजे नदीतली डॉल्फिन, पाहायला जायचं असेल तर आधी कामाचं सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना इथूनच उतरता येईल. ग्वाल्हेरहून भिंड साधारण ऐंशी किलोमीटर. तिथून इटाव्याच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की बरही. तिथे चंबळवर पूल आहे आणि पुलापलीकडे उत्तर प्रदेश. पहाटे साडेपाचला घर सोडलंत तर साडेआठच्या आत पाण्याजवळ पोचता. हा सगळा राष्ट्रीय चंबळ अभयारण्याचा भाग आहे, त्यामुळे होडी वन विभागाच्या परवानगीनेच मिळते आणि रोज मिळेलच असं नाही. दोन दिवस आधी विचारून घ्या, प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ ठेवा आणि भाडं चढण्याआधी ठरवा. चहा, नाश्ता, स्वच्छतागृह, जे काय असेल ते भिंडलाच उरका. पुढे काही नाही.

आमची पहिली खेप जानेवारीत झाली आणि ती पूर्ण वाया गेली. जागा वेगळी होती, नाव सांगत नाही. धुकं इतकं की नावेचं दुसरं टोक दिसेना. जो नाववाला मिळाला त्याचा उत्साह दांडगा. इंजिन सुसाट सोडून तो आम्हाला या काठावरून त्या काठावर पळवत होता. "अभी दिखाते हैं, अभी दिखाते हैं." दिसलं काय, तर घाबरून पाण्यात सटकणाऱ्या दोन मगरी आणि डिझेलचा तवंग. माझ्या मुलाने, ओमने, घरी येऊन आजीला सांगितलं की चंबळमध्ये डॉल्फिन-बिल्फिन काही नाहीत, सगळी बतावणी आहे.

म्हणून फेब्रुवारीत परत. या वेळी इंदूरचा मावसभाऊ नितीन आला होता, आणि बाळकाका. काका सिंचाई खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्य चंबळच्या कालव्यांवर गेलेलं. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "चाळीस वर्षं ही नदी पाहिली. मासा मी ओळखतो, तू मला काय दाखवणार?" मासा नाही काका, म्हटलं, सस्तन आहे, पिल्लाला दूध पाजते. "बरं, म्हैस म्हण," म्हणाले. नितीनचं वेगळंच. चंबळ उगम पावते ती महूजवळ जानापावच्या डोंगरात, म्हणजे त्याच्या घरापासून तासाभरावर. त्यामुळे नदी आपलीच आणि आम्ही तिचे पाहुणे, असा त्याचा दिवसभर तोरा होता.

भिंडच्या पुढे बीहड सुरू होतात. मातीच्या त्या घळी पाहिल्या की कळतं, ही नदी इतकी स्वच्छ का राहिली. चर्मण्वती हे तिचं जुनं नाव, रंतिदेवाच्या यज्ञात कापलेल्या जनावरांच्या कातड्यांवरून पडलेलं. शापित नदी म्हणून काठावर मोठं तीर्थ झालं नाही, कोटा सोडलं तर मोठं शहर वसलं नाही. मग आले बागी. भल्याभल्यांनी इकडे यायचं टाळलं, कारखानदारांनी तर नक्कीच. शाप आणि दरोडेखोर यांनी मिळून जे राखलं ते १९७८ मध्ये अभयारण्य म्हणून कागदावर आलं. आता दोघांचीही भीती कुणाला उरलेली नाही.

बरहीच्या नावाड्याने इंजिनाला हात लावला नाही. लांब बांबू घेतला आणि काठाकाठाने नाव ढकलत वर नेली. पाण्याला एक वळण आहे, तिथे काठ उभा आणि पाणी काळंशार. डोह. तिथे त्याने बांबू रोवला, नाव टेकवली आणि बिडी पेटवली. आम्ही गप्प. समोरच्या वाळूवर चक्रवाकांची जोडी, तीन घडियाल आणि पाण्याला चोच लावून उडणारे पाणचिरे. वीस मिनिटं गेली. काकांनी घड्याळ पाहिलं.

आणि मग आवाज आला. आधी आवाजच. पाठीमागून कुणी दमून सुस्कारा टाकावा तसा, "स्सूं." वळेपर्यंत पाण्यावर फक्त वर्तुळं. "सूंस है," नावाडी म्हणाला, "साँस लेने आई थी." दीड मिनिटाने पुन्हा, या वेळी समोर. राखाडी-तपकिरी पाठ, लांब चिमट्यासारखी चोच, क्षणभर, आणि गुडुप. ओमला मी टीव्हीवरच्या उड्या विसरायला सांगितलं होतं, तरी त्याचा चेहरा पडला होता. तो आठव्या की नवव्या वेळेला उजळला, जेव्हा मोठीच्या बगलेतून एक छोटी पाठ वर आली.

इथे एक गंमत. मराठीत आपण सुसर म्हणतो ती मगरीच्या जातीतली, आणि हिंदीतली सूंस म्हणजे डॉल्फिन. दोन्ही शब्द निघाले संस्कृतातल्या शिशुमारापासून. एकाच नावाने दोन काठांना दोन जनावरं नेली. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी आहे, त्यात "गंगापुपुटक" येतं. ती हीच असावी असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हिला संरक्षण मिळालं होतं. नव्या काळात १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे आणि २००९ मध्ये तिला राष्ट्रीय जलचर ठरवलं. कागदाच्या बाबतीत सूंस भाग्यवान.

हिला दिसत नाही. डोळे आहेत, पण त्यांत भिंगच नाही. उजेड-अंधार कळतो तेवढाच. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून सगळं काम आवाजावर. ती सतत टकटक करत राहते, प्रतिध्वनी ऐकते आणि त्यावरून मासा, काठ, पिल्लू ओळखते. हे नावेत बसून ओमला सांगताना मला जानेवारीतलं ते इंजिन आठवलं. आंधळ्या माणसाच्या कानाशी ढोल बडवत आपण "दिसत कशी नाही" म्हणून तक्रार करत होतो. गंगेतल्या एका अभ्यासात दिसलं आहे की मोटारबोटी वाढल्या की डॉल्फिनना आपले आवाज बदलावे लागतात आणि जास्त शक्ती खर्चावी लागते. पाणी उथळ असेल तर त्रास आणखी वाढतो. तेव्हा पुढे जाणाऱ्यांनो, सर्वांत महत्त्वाची सूचना हीच: नावाड्याला पाठलाग करायला सांगू नका. इंजिन बंद करायला सांगा आणि बसा. शंभर रुपये जास्त द्या, पण बसा.

परतताना नावाड्याने काठाच्या काटेरी झुडपात अडकलेलं जाळं दाखवलं. नायलॉनचं, केसाइतक्या बारीक तंतूचं. अभयारण्यात मासेमारीला बंदी आहे, तरी रात्री जाळी पडतात. त्या तंतूवरून आवाजाचा प्रतिध्वनी नीट येत नाही. सूंस माशामागे जाते, चोच अडकते, आणि श्वासाला वर येता आलं नाही की काही मिनिटांत बुडून मरते. पाण्यात राहणारं जनावर बुडून मरतं, हे ओमला पटेना. जगभरच्या समुद्रांत दरवर्षी तीन लाखांहून अधिक डॉल्फिन आणि देवमासे असेच, कुणी मारायला न निघता, जाळ्यांत मरतात असा अंदाज आहे. देवमाशांची व्यापारी शिकार १९८६ पासून आंतरराष्ट्रीय ठरावाने बहुतेक देशांत थांबली, जाळी थांबली नाहीत. गणपतीपुळ्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये निळ्या देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, तेव्हा रत्नागिरीच्या आमच्या वहिनींनी व्हिडिओ पाठवले होते. लोक रात्रंदिवस त्याच्यावर पाणी मारत होते, ओढून समुद्रात नेलं, तरी ते वाचलं नाही. तेव्हा घरात सगळे हळहळले. बरही आमच्यापासून शंभर किलोमीटरवर, आणि इथल्या सूंसेसाठी घरात कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

आकडे सांगते, कारण मला ते माहीत नव्हते. मार्च २०२५ मध्ये देशातली नद्यांमधल्या डॉल्फिनची पहिली सर्वंकष गणना जाहीर झाली: ६,३२७. त्यात तीन सिंधू डॉल्फिन, पंजाबात बियास नदीत. उत्तर प्रदेशात २,३९७, बिहारात २,२२०. राजस्थान आणि मध्य प्रदेश मिळून ९५. आमच्या जिवाजीगंजातल्या एखाद्या मुंजीला याहून जास्त पानं उठतात. त्यात मादी एका वेताला एकच पिल्लू देते आणि पुढच्या वेताला दोन-तीन वर्षं जातात. चीनच्या यांगत्से नदीतली बाइजी डॉल्फिन २००६ च्या शोधमोहिमेत एकही सापडली नाही. तिथेही कुणी बंदूक घेऊन मागे लागलं नव्हतं. जाळी, जहाजं, धरणं, सांडपाणी, सगळं थोडं थोडं.

धरणांचं नाव निघालं आणि बाळकाका सरसावले. "गांधीसागर आणि कोटा बॅरेज झालं १९६० मध्ये. त्या कालव्यांमुळे मुरैना-भिंडमध्ये गहू आणि मोहरी उभी आहे. तुझ्या सूंसेने पोट भरत नाही." खोटं नाही ते. येताना दुतर्फा पिवळीधमक मोहरी पाहत आलो होतो आणि तिचे फोटोही काढले होते. मी एवढंच विचारलं, की काका, पावसाळा सोडून कोट्याखाली नदीत पाणी सोडायचं किती, हे ठरवताना नदीचा हिस्सा कुणी मांडला होता का? म्हणाले, "नदीचा हिस्सा? तेव्हा पाणी समुद्राला मिळालं की वाया गेलं म्हणायचे."

कोट्याखाली चंबळ जगते ती कालीसिंध, पार्वती, बनास येऊन मिळतात म्हणून. आता पार्वती-कालीसिंध-चंबळ जोडप्रकल्पाचं काम निघालं आहे, डिसेंबर २०२४ मध्ये पायाभरणी झाली. ग्वाल्हेरलाही चंबळचं पाणी आणायची योजना आहे, आणि शहराला पाणी पुरवणारं तिघरा धरण आटल्यावर दिवसाआड नळाची वाट पाहिलेली मी, तिला विरोध करणार नाही. पण डोहात उन्हाळ्यात किती पाणी उरायला हवं, हे तोटी बसवण्याआधी ठरलं पाहिजे. सूंस उथळात राहू शकत नाही. मे महिन्यात नदी तुटक तुटक डोहांची होते, सगळी जनावरं त्यांतच कोंडतात, तिथेच जाळी पडतात, तिथेच काठावर डिझेल पंप लागतात. आणि पाण्यामागे कालव्यात शिरलेल्या सूंसेचं काय होतं, तेही पाहिलंय: २०२० सरताना उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडच्या कालव्यात एकीला लोकांनी काठ्या-कुऱ्हाडींनी मारलं आणि त्याचा व्हिडिओ काढला.

काकांनी यावर वाद घातला नाही. नावाड्याला विचारलं, "मई में यहाँ कितना पानी रहता है?" त्याने ओला बांबू उभा धरला आणि आजच्या खुणेच्या खूप खाली हात लावला. काकांनी खिशातून डायरी काढली, बांबूला आपल्या वितीने मोजलं आणि आकडा लिहून घेतला. सवय जात नाही.

रेतीचं राहिलं, आणि ते मला सांगणं भाग आहे. काठावर ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे चर होते, थेट पाण्यापर्यंत. घडियाल आणि कासवं अंडी घालतात ती हीच वाळू. काठ उपसला की माती डोहात येते आणि डोह भरतो. अभयारण्यातली रेती उचलायला बंदी आहे, तरी चंबळची बारीक रेती प्लास्टरला छान म्हणून ग्वाल्हेरमध्ये सगळे मागतात. आमच्या वरच्या मजल्याचं बांधकाम चालू आहे. ठेकेदाराने दिवाळीत विचारलं होतं, "ताई, माल रात्री दोनला येईल, फाटक उघडं ठेवाल ना?" आणि मी ठेवलं होतं. रात्रीच का, हे मला कळत नव्हतं असं नाही.

बरहीहून आल्यावर त्याला म्हटलं, पुढची खेप पावतीची हवी, रॉयल्टी भरलेली. तो म्हणाला, महाग पडेल, उशीर होईल, आणि पावतीसुद्धा कुठली असेल ते मी सांगू शकत नाही. दोन खोल्यांचं प्लास्टर अजून अडलंय. सासूबाई मला सूंस म्हणायला लागल्या आहेत.

बाकीच्या सूचना घाईघाईत. कॅमेरा असेल तर पाण्यावर रोखून ठेवू नका, हात दुखतील. आवाज आला की पुढच्या दोन मिनिटांत जवळपासच पुन्हा येते, तिकडे बघत राहा. दुर्बीण पक्ष्यांसाठी न्या. लहान मुलांसाठी जीवरक्षक जॅकेट मागून घ्या. दिलं नाही तर नावेत बसू नका, काठावरूनही सूंस दिसते. मगरी खऱ्या आहेत, तेव्हा पाण्यात पाय सोडू नका. गजक आणि पुऱ्या घरून न्या आणि पिशव्या परत आणा. अंधाराआधी भिंड गाठा. बागी उरले नाहीत, पण विनादिव्याचे ट्रॅक्टर आहेत. वेळ उरला तर अटेरचा किल्ला पाहता येतो. आम्हाला जमलं नाही, नितीनला भूक लागली होती.

काकांनी डायरीत मे महिन्याचा दुसरा रविवार लिहून ठेवलाय, त्याच डोहातलं पाणी मोजायला. पहाटे चारला निघायचं म्हणतात, ऊन चढायच्या आत परत. नितीन नाही म्हणालाय, त्यामुळे गाडीत एक जागा आहे. टोपी आणि पाणी ज्याचं त्याने आणायचं.