साल खरं, कारण खोटं

आज फोंड्यात टेबलावरचा भूमिका-खेळ (पात्रं होऊन, कार्डं नि फासे घेऊन गोष्ट रचायची) मस्त रंगला. गोव्याचा अलीकडचा इतिहास मुद्दाम उलटापालटा करायचा, एवढंच. पण मजा येते ती एका नियमामुळे: साल आणि निकाल खरे ठेवायचे, कारण तेवढं बिघडवायचं.

16 जानेवारी 1967 चा जनमत कौल घ्या. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल हे चिन्ह, वेगळं राहायला दोन पानं; पानं 34,021 मतांनी जिंकली. हे कार्डाच्या पुढे. मागे खेळाडू लिहितो: मतपेट्या चुकून म्हापशाच्या बाजारात गेल्या नि लोकांनी त्यात विड्याची पानं भरली!

चार-पाच जण, प्रत्येकी तीन कार्डं, दोन फासे. बेरीज 10 किंवा जास्त आली तर थाप सरकारी दप्तरात जाते. 7 ते 9 ला जाते, पण शेजारचा तीत भर घालतो. त्याहून कमी आली तर खरी हकीकत मोठ्याने वाचायची. 10 किंवा जास्तीचं दान सरासरी सहापैकी एकदाच पडतं आणि 7 च्या खालचं बारापैकी पाचदा, त्यामुळे खरा इतिहास सतत कानावर येतो. मला तेच हवं असतं.

सगळंच बदललं की खेळ फसतो. मुक्तीचं 1961 आणि घटक राज्याचं 1987 हलवलं, तर हसायचं कशाला तेच पोरांना कळत नाही. आणि थट्टा फायलींची, पुढाऱ्यांची करा. सत्याग्रहात गोळ्या झेललेल्यांची कार्डं मी करतच नाही.