मेका बघायचं तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चाकणच्या एका कंपनीत मी जपानी दुभाषी आहे आणि मेका, म्हणजे अवाढव्य रोबोटांच्या जपानी अॅनिमे मालिका आणि चित्रपट, मनापासून बघते, हे ओळखीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कँटीनमध्ये, जपानीच्या क्लासबाहेर, वैशालीसमोर नंबर लावून उभं असताना हा प्रश्न येतोच. "नारुतो झालं, वन पीस चालू आहे, पण ते अवाढव्य रोबोटवालं काही जमलं नाही. कुठून सुरू करू?" विचारणाऱ्याच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, तो बहुतेक जण भिडेपोटी बोलत नाहीत: यात रोबोटांच्या मारामारीपलीकडे काही आहे का?

पुष्कळ आहे. म्हणून तर सुरुवात नीट व्हावी असं मला वाटतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: पॅटलेबर.

नाव ऐकून लोक जरा हिरमुसतात. त्यांनी गंडम नाहीतर इव्हँगेलियन ऐकलेलं असतं, त्यातलंच काहीतरी मी सांगेन अशी अपेक्षा असते. तरी मी पॅटलेबरवरच ठाम असते, कारण पुण्यात राहणाऱ्या माणसाला त्यातलं जग समजावून सांगावं लागत नाही. गोष्ट अशी: समुद्राची पातळी वाढली आहे, टोकियोच्या उपसागरात बांध घालून भराव टाकायचं प्रचंड काम निघालं आहे आणि त्यासाठी दोन पायांची, दोन हातांची यंत्रं बाजारात आली आहेत. त्यांना लेबर म्हणतात. ती खोदतात, उचलतात, पाडतात. यंत्रं आली तशी ती घेऊन धुडगूस घालणारेही आले, म्हणून पोलिसांनी स्वतःचे लेबर घेतले आणि एक वेगळं पथक काढलं.

२ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी उडवला, तेव्हा अर्धं पुणं जागं होतं. स्फोट झाला, धूळ बसली, तरी पुलाचा काही भाग उभाच होता. मग पोकलेन पुढे सरसावले आणि उरलेलं काम त्यांनी केलं. ती दृश्यं बघताना माझ्या डोक्यात पॅटलेबरच होतं. त्या पोकलेनवर कोण बसलंय, त्याची शिफ्ट कधी संपते, मध्यरात्री हायड्रॉलिकचा पाइप फुटला तर कोणाला फोन जातो, हे प्रश्न आपल्याला एरवी पडत नाहीत. पॅटलेबर त्याच प्रश्नांवर उभं आहे.

१९८८ मध्ये ते आधी थेट व्हिडिओ कॅसेटवर आलं, टीव्हीवर नंतर. हेडगिअर नावाच्या पाच जणांच्या गटाने ते रचलं. पुढे जगभर नाव झालेला दिग्दर्शक मामोरू ओशिई त्यातलाच. त्यातला पोलिसी लेबर, इंग्राम, साधारण ८ मीटर उंच आहे. तो आकाशातून उडत येत नाही. ट्रकवर आडवा झोपवून आणावा लागतो, वाटेत ट्रॅफिक लागतो, घटनास्थळी उभा करावा लागतो. पथकाची जागा शहरापासून लांब, भराव टाकलेल्या माळावर. आसपास दुकान नाही, जेवण एकाच चिनी हॉटेलातून मागवायचं. नोआ इझुमी ही चालक मुलगी तिच्या इंग्रामला अल्फॉन्स म्हणते, कारण तिच्या लहानपणीच्या कुत्र्याचं नाव ते होतं. त्याला ओरखडा आला तरी तिचा जीव खालीवर होतो, आणि गॅरेजचा म्हातारा प्रमुख साकाकी सगळ्यांना फैलावर घेतो. शॉप फ्लोअरवर काम केलेल्या कोणालाही विचारा, आपल्या मशीनवर जीव असणारी माणसं असतातच. ती मी रोज बघते.

मग १९८९ चा पहिला चित्रपट. हिंजवडीत काम करणाऱ्यांनी तर तो बघायलाच हवा. लेबर अचानक चालकाशिवाय सुटायला लागतात आणि संशय जातो त्यांच्यात नुकत्याच घातलेल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर. ती लिहिणारा माणूस चित्रपटाच्या सुरुवातीलाच मरतो. घराघरांत इंटरनेट नव्हतं त्या काळात कोडमध्ये दडवलेल्या घातपातावर चित्रपट काढणं, हे मला आजही थक्क करतं. पण त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग कोडचा नाही. एक पोलीस त्या मेलेल्या माणसाचे जुने पत्ते शोधत उन्हातान्हात टोकियो पालथं घालतो. प्रत्येक पत्त्यावर मोडकळीला आलेलं, सोडून दिलेलं नाहीतर पाडायला काढलेलं जुनं घर, आणि त्याच्या मागे काचेचे मनोरे. संवाद जवळजवळ नाहीत. माझं माहेर नारायण पेठेतलं. तिथला वाडा गेला, आता सहा मजली इमारत आहे. त्या दृश्यात मला कोणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. शहर कोणासाठी बांधलं जातंय आणि कोणाचं पुसलं जातंय, हे एका रोबोटपटाने मला इतकं नेमकं दाखवलं, याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे.

सहा मजल्यांवरून आठवलं. मेका बघताना यंत्राची उंची जरूर बघा, तिच्यावरून गोष्टीचा स्वभाव कळतो. गंडम १८ मीटर, म्हणजे त्या आमच्या इमारतीएवढा; त्याला खालची माणसं मुंग्यांसारखी दिसतात आणि गोष्ट युद्धाची, राष्ट्रांची होते. इंग्राम ८ मीटर; तो लक्ष्मी रस्त्यावर उभा राहिला तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतली बाई त्याच्याशी समोरासमोर बोलू शकेल. १९८३ च्या व्होटम्समधला स्कोपडॉग जेमतेम ४ मीटर. तो कारखान्यातून घाऊक निघतो, नायक किरिको एक मोडला की टाकून देतो आणि दुसरा घेतो. यंत्राला नाव नाही, माया नाही, आणि त्यात बसलेल्या सैनिकालाही तिथे तेवढीच किंमत. व्होटम्स रखरखीत आहे, ५२ भागांचं आहे, सगळ्यांना झेपणार नाही. मेकॅनिकल शाखेच्या मुलांना मात्र मी ते हमखास सुचवते, आणि अजून कोणी नाराज होऊन परत आलेलं नाही.

पॅटलेबर आवडलं की गंडम. इथे लोक भागांची संख्या बघून घाबरतात, कारण १९७९ पासून त्याच्या कितीतरी मालिका झाल्या. सगळ्या बघायच्या नसतात. मूळ मालिकेचं दिग्दर्शन योशियुकी तोमिनोचं. ५२ भाग ठरले होते. प्रेक्षक मिळेनात, खेळण्यांच्या प्रायोजकाला परवडेना, म्हणून ती ४३ भागांतच गुंडाळली. पुन:प्रक्षेपणात लोकांनी ती उचलून धरली. १९८० च्या जुलैपासून तिची प्लॅस्टिकची मॉडेल्स विकायला आली, पहिलं ३०० येनचं, आणि त्यांच्यावर उड्या पडल्या. मग १९८१-८२ मध्ये मालिकेची काटछाट करून तीन चित्रपट निघाले. तुम्ही ते तीनच बघा. चित्रं जुनी वाटतील, वाटू द्या. सुरुवातीलाच सांगितलं जातं की युद्धाच्या पहिल्या जेमतेम महिन्याभरात अर्धी मानवजात मेली आहे. अमुरो नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा मॅन्युअल वाचत वाचत गंडम चालवायला लागतो. पहिल्याच चित्रपटात त्याची आईशी भेट होते. तिच्या डोळ्यांदेखत तो शत्रूच्या शिपायावर गोळी झाडतो आणि ती हादरून जाते. आपला मुलगा असा नव्हता, म्हणते. तो विचारतो त्याचा अर्थ एवढाच, की मग मी मरायला हवं होतं का? मायलेकांपैकी कोणीच चूक नाही आणि ते कोणालाच सोडवता येत नाही. १९७९ च्या लहान मुलांच्या म्हणून काढलेल्या मालिकेत हे आहे.

त्याआधी काय होतं, हे माझ्या मामाला बरोबर कळलं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायची, मनगटी घड्याळातून हुकूम देणारा मुलगा आणि तो ऐकणारा प्रचंड रोबोट. मामाच्या पिढीला ती अजून लख्ख आठवते. तिचा मूळ कर्ता मित्सुतेरू योकोयामा. त्यानेच १९५६ मध्ये रिमोटवर चालणाऱ्या रोबोटाची चित्रकथा काढली होती. १९७२ मध्ये गो नागाईच्या माझिंगर झेडने मुलाला रोबोटाच्या डोक्यात नेऊन बसवलं. गंडमने त्या रोबोटाला सैन्याचं सामान केलं, ज्याला गोळ्या लागतात, इंधन लागतं आणि जे शत्रूकडेही असतं. मामाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे घड्याळ काढून घेतलं आणि पोराला आत कोंबलं." याहून चांगलं मला सांगता येत नाही.

आता इव्हँगेलियन. मला ते अतिशय प्रिय आहे, म्हणूनच ते पहिलं बघू नका असं मी सांगते. १९९५ चं, २६ भागांचं, हिदेआकी आन्नोचं. आन्नो आधीच्या रोबोट मालिकांवर वाढलेला माणूस. मुलगा यंत्रात बसतो आणि जग वाचवतो, या वहिवाटेची त्याने आतून झडती घेतली. चौदा वर्षांच्या शिंजीला त्याचा बाप वर्षानुवर्षांनी बोलावतो तो फक्त यंत्रात बसवायला. अमुरोला आधी भेटलेल्या प्रेक्षकाला शिंजीचा नकार कुठून आला ते कळतं. न भेटलेल्याला तो नुसता रडका मुलगा वाटतो, आणि तसं म्हणणारे कितीतरी जण मला भेटले आहेत. तपशील तर काय सुरेख! त्या राक्षसी यंत्राच्या पाठीला विजेची केबल असते, ती तुटली की आतल्या बॅटरीवर जेमतेम पाच मिनिटं. सहाव्या भागात एका गोळीसाठी अख्ख्या जपानची वीज एका जागी आणतात आणि देशभरातले दिवे एकेक भाग करत विझत जातात.

आमच्यात एक जुना वाद चालतो, सुपर रोबोट (माझिंगरसारखे, जवळजवळ अजिंक्य) श्रेष्ठ की रिअल रोबोट (इंग्राम-गंडमसारखी, मोडणारी आणि इंधन लागणारी यंत्रं). मी कोणत्या बाजूची हे वर कळलंच असेल. तरी ज्यांना भव्यताच हवी, त्यांनी २००७ चं गुरेन लगान बघावं. तिथे रोबोट शेवटी आकाशगंगांच्या मापाचे होतात आणि त्यातला आवेश खरा आहे. कॉलेजच्या मुलींना मी २०२२ चं 'द विच फ्रॉम मर्क्युरी' देते. गंडमच्या मुख्य टीव्ही मालिकांत पहिल्यांदाच नायिका मुलगी आहे, आणि कंपन्यांच्या राजकारणावर ते चांगलं बोलतं.

आणि रोबोट नकोच, पण विज्ञानकथा हवी, असं म्हणणाऱ्यांना प्लानेटेस. २००३ मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीवर सुरू झालेली, २६ भागांची, दिग्दर्शक गोरो तानिगुची. साल २०७५, आणि नायक अंतराळातला कचरा गोळा करणारे कर्मचारी. त्यांचा विभाग कंपनीत सगळ्यात दुर्लक्षित, माणसं कमी, बजेट त्याहून कमी. अकराव्या भागात एका गरीब देशातून एक माणूस येतो. त्याने त्याच्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये, तिथल्या लोकांच्या हातांनी अंतराळवीराचा पोशाख बनवला आहे आणि त्याची चाचणी व्हावी, त्याला प्रमाणपत्र मिळावं एवढीच त्याची मागणी आहे. बड्या कंपनीतले लोक पोशाखाच्या कामाकडे बघण्याआधी त्याच्या देशाचं नाव बघतात. भोसरीतल्या शेडमधून मोठ्या कंपनीकडे नमुना घेऊन येणारे पुरवठादार मी पाहिले आहेत. पिशवीतून तो पार्ट काढताना त्यांचा हात कसा असतो, ते मला माहीत आहे. तो एक भाग मी ज्यांना ज्यांना दाखवला, त्यांनी पुढचे सगळे भाग स्वतःहून बघितले.

शेवटी, आईवडील विचारतात ते: मुलांना यातलं काय दाखवू? 'वॉर इन द पॉकेट'. १९८९ चं, सहाच भागांचं, गंडमच्याच जगातलं, पण तोमिनोऐवजी फुमिहिको ताकायामाने दिग्दर्शित केलेलं. आल हा शाळकरी मुलगा युद्धापासून लांब, तटस्थ वसाहतीत राहतो. त्याला आणि त्याच्या मित्रांना लढाई म्हणजे मज्जा वाटते, गोळ्यांच्या पुंगळ्या आणि सैनिकी बिल्ले त्यांचा खजिना. मग एक तरुण शत्रूसैनिक त्याचा दोस्त होतो. पुढचं मी सांगणार नाही. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला एकट्याला बघू देऊ नका, शेजारी बसा. आणि शेवटचा भाग शाळेच्या आदल्या रात्री लावू नका, शनिवारी लावा. मुलाला नंतर बरंच काही विचारायचं असतं, त्याला वेळ लागतो.