वावरातून विमानाचे फोटो: लेन्स नंतर, आधी हवा

आवाज ऐकून वर पाहिलं की विमान तिथं नसतं. अकरा किलोमीटर उंचीवरून आवाज खाली पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात ताशी साडेआठशे किलोमीटरनं चाललेलं विमान आठ किलोमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणजे आवाज थेट डोक्यावरून आला तर विमान पस्तीसेक अंश पुढं शोधायचं. नवा माणूस पहिले कित्येक दिवस रिकाम्या आभाळाचेच फोटो काढतो, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

विमानांचे फोटो काढणारे म्हटले की मुंबईच्या धावपट्टीच्या टोकाशी, भिंतीला लागून उभी असलेली मंडळी आठवतात. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या माणसाला ती भिंत नाही. त्याला मिळतं ते वरचं आभाळ, आणि ते काही कमी नाही. दिल्लीहून हैदराबाद-बंगळूरकडे जाणारी उभी वाहतूक आणि मुंबई-कोलकाता ही आडवी वाहतूक साधारण याच पट्ट्यावर एकमेकींना छेदते. शिवाय आखातातून पूर्वेकडे निघालेली मोठी विमानं आहेतच. इथल्या छायाचित्रकाराचं निम्मं काम वावरातल्या बाजेवर पडून होतं, हे ऐकायला गमतीचं वाटेल, पण बाजेचं कारण पुढं येईल.

आधी थोडं गणित. एअरबस ए३२० या नेहमीच्या प्रवासी विमानाची लांबी साडेसदतीस मीटर. ते बरोबर डोक्यावर, ३६,००० फुटांवर असेल, तर ६०० मिमी लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम दोन मिलिमीटर पडते. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात हे सव्वापाचशे पिक्सेल झाले, तेवढ्याच पिक्सेलच्या फुल फ्रेममध्ये (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात) साडेतीनशेच्याही आत. म्हणून या कामाला महागडा फुल फ्रेम घेऊ नका. जुना, हातचा एपीएस-सी आणि १५०-६०० ची लेन्स हीच जोडी बरी. बोइंग ७७७-३०० ईआर जवळजवळ ७४ मीटर लांब, त्याचे हजारावर पिक्सेल मिळतात. विमानांचे फोटो लावणाऱ्या जेटफोटोजसारख्या वेबसाइटवर फोटो निदान १०२४ पिक्सेल रुंद लागतो. तेवढ्या चौकटीत ए३२० निम्मी जागा घेतं आणि चित्र जमतं.

हे सगळं विमान डोक्यावर असतानाचं. क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर अंतर थेट दुप्पट, म्हणजे पिक्सेल निम्मे, आणि मधली धुळकट हवाही दुप्पट. ६० अंशांच्या खालचं विमान सोडून द्यावं. मोह होतो, खासकरून रंगवलेलं वेगळं विमान असेल तर; पण घरी येऊन ते खोडावंच लागतं.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. विमानाची उंची हवेच्या दाबावरून मोजलेली असते. तापलेली हवा फुगते, त्यामुळे मोबाइलवर, विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ ॲपमध्ये, ३६,००० फूट दिसत असलं तरी मे महिन्यात ते विमान खरं तर काहीशे मीटर आणखी वर असतं. फरक लहान आहे, पण फोटोला मदत करणारा नक्कीच नाही.

उन्हाळ्याचं खरं दुखणं वेगळंच. फोटो बिघडवते ती जमिनीलगतची पहिली काही मीटर हवा. काळी रेगडी उघडी पडली की सकाळी नऊलाच तापायला लागते. तिच्यावरून उठणारी ऊन हवा लेन्ससमोर लहरते आणि विमानाच्या कडा पाण्यात पडल्यासारख्या वाकतात. ही धूसरता कोणत्याही सॉफ्टवेअरनं जात नाही, कारण प्रत्येक फ्रेम वेगळी वाकलेली असते. लोक लेन्सला दोष देतात, दुरुस्तीला नागपूरला पाठवतात, आणि ती जशीच्या तशी परत येते. जागा बदलली असती तर काम झालं असतं.

टिनाच्या छपरावर, डांबरी रस्त्याच्या कडेला, नुकत्याच वखरलेल्या वावरात किंवा खळ्यावर उभं राहू नका. ओलिताचं रान बघा. गहू, हरभरा, संत्र्याची बाग, जिथं रात्री पाणी दिलं आहे असा धुरा. ओली जमीन आणि हिरवं पीक उशिरा तापतं, तिथं सकाळचा तास-दीड तास जास्त मिळतो. गाडीत एसी लावून आला असाल तर पेटी उघडून लेन्स वीस-पंचवीस मिनिटं सावलीत ठेवा. थंड लेन्सच्या आत आणि तोंडाशी हवा हलत राहते, तिचा परिणाम अगदी तसाच दिसतो. लेन्सच्या तोंडावरच्या हूडमध्ये ऊन हवा साचत असेल तर तो काढूनच टाका.

वर्षातला सगळ्यात चांगला काळ पाऊस उघडल्यानंतरचा, सप्टेंबरची शेवटची उघडीप ते ऑक्टोबर. धूळ बसलेली, आभाळ गडद निळं. डिसेंबर-जानेवारीत थंडी असते, पण पऱ्हाटी आणि तुराट्या पेटवल्या की धुराचा थर सकाळी खालीच बसून राहतो. भंडारा-गोंदियाकडे वैनगंगेच्या काठानं धुकंही. तिकडं आठपर्यंत थांबावं लागतं, आणि आठनंतर प्रकाश चढतो. हा तिढा सुटत नाही, निवडच करावी लागते.

प्रकाशाचं साधं आहे. खालून फोटो काढायचा म्हणजे विमानाच्या पोटावर ऊन हवं, आणि पोटावर ऊन फक्त सूर्य खाली असतानाच पडतं. दुपारी बाराला पोट काळं, पंखांची वरची बाजू पांढरी, आणि ती आपल्याला दिसत नाही. उगवतीचा पहिला तास आणि मावळतीचा शेवटचा तास, बस. अकरा किलोमीटर वर सूर्य जमिनीपेक्षा सुमारे चौदा-पंधरा मिनिटं आधी उगवतो. त्यामुळे गावात अजून झुंजूमुंजू असताना वर विमान आणि त्यामागची पांढरी रेघ केशरी उजळलेली असते. ही वेळ गाठायची तर बाज आणि कॅमेरा अंधारातच मांडून ठेवावा लागतो.

आता बाज. ६०० मिमी घेऊन मान मागं टाकून पाच मिनिटं उभं राहून पाहा. दोन किलोची लेन्स हातात थरथरायला लागते. ट्रायपॉडवर ७० अंशांच्या पुढं लेन्स फिरत नाही, पायाला अडते. बाजेवर उताणं पडायचं, कोपरं फासळ्यांना टेकवायची, पाय विमान येणार त्या दिशेला. म्हणजे ते पायथ्याकडून चढत येताना दिसतं, चौकटीत धरायला वेळ मिळतो, आणि डोक्यावर येण्याच्या जरा आधी फोटो घेता येतो. डोक्यामागं गेलं की सोडायचं, मान वळवायची नाही.

डोक्यावरचं विमान सेकंदाला सव्वा अंश सरकतं. एपीएस-सीवर ६०० मिमीचा आडवा कोन सव्वादोन अंश, म्हणजे कॅमेरा स्थिर धरला तर विमान दोन सेकंदांत चौकट ओलांडतं, आणि १/१००० सेकंदातही प्रतिमा तीनेक पिक्सेल घसरते. म्हणून विमानासोबत फिरत राहायचं आणि शटर १/१६०० ठेवायचं. ॲपर्चर (लेन्सचं तोंड) एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० पासून सुरुवात करा. अगदी पहाटे ८०० लागेल. ऑटो एक्स्पोजर वापरू नका. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर निळं आभाळ वाचतो आणि पांढरं विमान जाळून टाकतो. मॅन्युअल ठेवा, एक फ्रेम घ्या, पांढऱ्याचा तपशील उरला की नाही ते हिस्टोग्रामवर (उजेड-अंधाराच्या आलेखावर) बघा.

फोकस ही खरी कटकट. रिकाम्या निळ्या आभाळात ऑटोफोकसला पकडायला काही नसतं, लेन्स पुढंमागं धावते आणि तेवढ्यात विमान गेलेलं असतं. पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात सकाळी चंद्र पश्चिमेला दिसतो. त्याच्यावर फोकस घ्या, मॅन्युअलवर टाका, रिंगवर चिकटपट्टी लावा. लेन्सवरची अनंताची खूण खरी मानू नका. टेलिलेन्सची रिंग उष्णतेचा फरक सांभाळण्यासाठी त्या खुणेपलीकडेही फिरते, आणि तापमान चढलं की नेमकी जागाही सरकते. तासाभरानं पुन्हा तपासायचं. चंद्र नसेल तर आधीच्या विमानानं सोडलेल्या रेघेच्या ताज्या, ठसठशीत टोकावर.

विमान कोणतं ते फोटोवरून कळेल या भरवशावर राहू नका. नोंदणीची अक्षरं डाव्या पंखाखाली असतात. अर्धा मीटर उंचीचं अक्षर त्या अंतरावरून सेन्सरवर सात पिक्सेलचं होतं, धड वाचता येत नाही. फोटो घेतला की लगेच फ्लाइटरडार२४ चा स्क्रीनशॉट घ्यायचा, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी सेकंदापर्यंत जुळवून ठेवायचं. रेंज नसलेल्या रानात घड्याळ जुळलेलं असेल तर घरी येऊन मागचा मार्ग उघडून विमान ओळखता येतं. घड्याळ दोन मिनिटं चुकलं असेल तर पाठोपाठ गेलेल्या दोन विमानांची अदलाबदल होते.

पंख्याची विमानं हा वेगळा प्रकार. २०२५ च्या एप्रिलपासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं एटीआर-७२ येऊ लागलं. त्याचे सहा पात्यांचे पंखे पूर्ण वेगात मिनिटाला १२०० फेरे घेतात. १/१००० ला पाती गोठून उभी राहतात आणि विमान खेळण्यासारखं लटकलेलं दिसतं. १/१२५ ला एक पातं जवळजवळ दुसऱ्याच्या जागी पोचतं आणि गोल चकती भरून येते. पण एवढ्या मंद शटरला हाताचा सराव लागतो. तो गोंदियाला होतो. तिथल्या बिरसी विमानतळावर शिकाऊ वैमानिकांची डायमंड कंपनीची छोटी विमानं हजारेक फुटांवरून त्याच वाटेनं पुन्हा पुन्हा घिरट्या घालतात. बाहेरच्या धानाच्या बांधीवरून ४०० मिमीत ती चौकटीचा तिसरा हिस्सा भरतात. १/२५० पासून सुरू करून १/१२५ पर्यंत उतरत जा. दहातली आठ हललेली येतील, ते चालायचंच.

उतरणाऱ्या विमानासाठी जागा शोधताना एवढं धरा: तीन अंशांच्या उतारात दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर उंची. धावपट्टीपासून पाच किलोमीटरवरच्या गावावरून विमान अडीचशे मीटरवर असतं, तिथं १५०-२०० मिमी पुरे. दहा किलोमीटरवर ३०० मिमी. वारा बदलला की उतरण्याची दिशाही बदलते, म्हणून निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघा.

खेड्यातल्या छायाचित्रकाराला विमानापेक्षा हेलिकॉप्टरचं काम जास्त येतं, निवडणुकीत तर रोज. शाळेचं मैदान, फक्कीनं काढलेला गोल आणि त्यात एच, पाण्याचं टँकर मारून बसवलेली धूळ. पाणी एक तास आधी मारलं असेल तर ते केव्हाच सुकलं असं समजा. हेलिकॉप्टर वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, तेव्हा वारा पाठीवर घेऊन उभे राहा: तोंड तुमच्याकडे, धुरळा पलीकडे. ऊन विरुद्ध बाजूला असलं तरी वाऱ्याचीच बाजू घ्या. शटर १/१२५ ते १/२००, नाहीतर पाती थिजतात. उतरताना लेन्स बदलायची नाही, पिशवीची चेन लावलेली हवी, टोपी खिशात. शेपटीच्या बाजूनं कधीच जायचं नाही. मागचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही. पास जिल्हा माहिती कार्यालय आणि पोलिसांकडून आदल्या दिवशीच घ्यावा, ऐन वेळी ओळख चालत नाही.

काळ्या मातीची धूळ काचेवर बसली तर फुंकर मारून पुसू नका. ही माती चिकण असते. तोंडाच्या वाफेनं तिचा चिखल होतो आणि कापडाखाली ओरखडे पडतात. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, शेवटी कापड. जिनिंगजवळ राहणाऱ्यांनी कापसाच्या तंतूंसाठीही हेच करावं. श्रावण-भादव्यात लेन्स कापडी पिशवीत ठेवली की बुरशी आलीच. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्यायचे.

कायद्याचं थोडक्यात. विमानतळाच्या आवारात परवानगीशिवाय कामासाठी कॅमेरा काढू नका, जवळपास ड्रोन तर मुळीच नाही. नागपूरच्या सोनेगावला हवाई दलाचा तळही आहे. पुलगावचं दारूगोळा भांडार, भंडारा आणि भद्रावतीचे आयुध कारखाने यांच्या आसपास ६०० मिमी लेन्स घेऊन बाजेवर पडलेला माणूस काय सांगणार? १९२३ चा शासकीय गुपिते कायदा तिथं लागू होतो. इतरत्रही वावराच्या मालकाला आदल्या दिवशी सांगा. नुसती विचारपूस म्हणून नाही, डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) पहाटे चालूच असतं. मालक बंद करून देतो, आणि बहुतेकदा बाजही देतो.

पैशांचं म्हणाल तर निव्वळ विमानांवर घर चालत नाही. लग्नसराई, वर्तमानपत्राची कामं, मंत्र्यांचे दौरे यांवर चालतं. विमानं त्याच सामानातून निघतात. ‘नाव छापू’ म्हणून फुकट फोटो मागणाऱ्याला १२०० पिक्सेलची फाइल द्या, मूळ नाही. शिकाऊ वैमानिकांना आपल्या एकट्याच्या पहिल्या उड्डाणाचा फोटो हवासा वाटतो, त्यासाठी तारीख आणि नोंदणी क्रमांक नीट जपलेला हवा. फाइलच्या नावात आधी तारीख, मग नोंदणी, मग गाव. लष्करी विमान असेल तर गाव गाळा, आणि अपलोड करण्याआधी मोबाइलवरच्या फोटोतलं लोकेशनही काढून टाका.