को-फर्मेंट कॉफी: कप निवल्यावर काय उरतं

सध्या टेबलावर आहे कोलंबियाच्या किंदिओ भागातली, जायरो आर्सिला यांच्या सांता मोनिका शेतावरची लिची को-फर्मेंट. वाण कास्तियो. शेजारी त्याच देशाची साधी वॉश्ड (चेरीचा गर काढून, बी धुऊन वाळवलेली) कॉफी ठेवली आहे, कारण तुलनेला काही नसलं की फळाच्या वासाने जीभ लगेच भुलते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: को-फर्मेंट म्हणजे हवाबंद टाकीत कॉफीच्या चेरीबरोबर (म्हणजे कॉफीच्या फळाबरोबर) फळाचा गर आणि यीस्ट घालून आंबवतात. साखर खाताना यीस्ट एस्टर, म्हणजे फळासारख्या वासाची संयुगं, तयार करतं, ते आणि गरातला वास बीमध्ये मुरतो. नुसती अ‍ॅनारोबिक, म्हणजे हवेशिवाय आंबवलेली, वेगळी, तिच्यात बाहेरचं फळ नसतं. साशा सेस्टिच यांनी २०१५ ची जागतिक बरिस्ता स्पर्धा जिंकली ती कार्बोनिक मॅसरेशनची (कार्बन डायऑक्साइड भरलेल्या टाकीत आंबवलेली) कॉफीही कोलंबियाचीच होती, पण तिच्यात फळ घातलेलं नव्हतं.

आता कपाकडे. व्ही६० वर (शंकूच्या आकाराच्या ड्रिपरवर) १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. पाणी ९३ अंशांवरून ८८ वर आणलं आणि दळण थोडं जाड केलं, तेव्हा कुठे चव उलगडली. जास्त गरम पाण्यात आधी दारूसारखा भपका येत होता, आता तो मागे राहतो. भाजल्यावर तीनेक आठवडे पाकीट न उघडल्याचाही फायदा दिसतोय.

लिची ओळखायला ताजी लिची सोलून बाजूला ठेवली आणि आलटून पालटून चाखली. कॉफीत फळाचा रसाळ गोडवा कमी, सालीजवळचा सुवास जास्त. मला तर थेट गुलकंद आठवला. त्याला कारणही आहे: रोझ ऑक्साइड हे संयुग गुलाबातही असतं आणि लिचीतही. आंबटपणासाठी लिंबू, चिंच आणि हिरवं सफरचंद समोर घ्या. सायट्रिक, टार्टारिक आणि मॅलिक आम्लांमधला फरक जिभेवर इतका स्पष्ट होतो की फ्लेवर व्हील (चवींच्या नावांचा गोल तक्ता) नंतर बघितलं तरी चालतं. पीचच्या को-फर्मेंटमध्ये मला जरदाळू सापडतो, आणि मी वहीत जरदाळूच लिहिते. आपण खाल्लेल्या फळाचं नाव लिहावं.

माझी कसोटी मात्र निवलेल्या कपाची. वाफाळताना सगळ्याच को-फर्मेंट छान लागतात. कोमट झाल्यावर या लिचीखाली गुळासारखा गोडवा आणि काळ्या चहाचा तुरटपणा उरला, म्हणजे कॉफी शाबूत आहे. दुसऱ्या एका दालचिनीच्या लॉटमध्ये निवल्यावर दालचिनीशिवाय काहीच हाती लागलं नाही. तसली कॉफी मला नको. आणि टाकीत काय घातलं ते पाकिटावर स्पष्ट लिहिलेलंच हवं. नुसतं ‘स्पेशल प्रोसेस’ लिहून भागत नाही, पैसे मोजणाऱ्याला ते कळायला हवं.

एक व्यवहाराची गोष्ट: को-फर्मेंट नेहमी शेवटी दळा आणि ग्राइंडर ब्रशने झाडून घ्या. आत राहिलेला चुरा दुसऱ्या दिवशीच्या वॉश्डमध्ये हमखास बोलतो.

पुढच्या फेरीत रत्नागिरी इस्टेटची अ‍ॅनारोबिक नॅचरल (अख्खी चेरी सालीसकट वाळवलेली) घेतेय. हापूसची नव्हे, चिकमगळूरकडची. फळ न घालता आंबवण्यातून किती फळ येतं, ते या लिचीशेजारी ठेवून बघायचं आहे.