मिरजेची उपासना आणि आमच्या मोठ्या सिस्टर

निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. वर 'प्रथम स्मृती उपासना', खाली पांढरं कबूतर, ढगांतून फाकलेली किरणं आणि मधोमध आमच्या मोठ्या सिस्टर. रंग इतका उजळवलेला की शेजारीण म्हणाली, "कुणी फॉरेनच्या होत्या का गं?" सांगोल्याकडच्या उन्हात वाढलेली बाई ती! फोटोखाली 'त्यागमूर्ती, सेवामूर्ती, मायेचा सागर' असं तीन ओळींत. मायेचा सागर वाचून आमच्या जुन्या नर्सेसच्या ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ज्यांनी त्यांच्या हाताखाली रात्रपाळ्या केल्यात त्यांना कारण सांगायला नको.

तरी जायचं ठरलं. न जाऊन कसं चालेल? मला हातात थर्मामीटर धरायला शिकवलं ते त्यांनी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. घरच्यांना विचारलेलं नाही आणि सिस्टरांनाही आवडलं नसतं. एका तालुक्याच्या गावच्या रुग्णालयात त्या इनचार्ज सिस्टर होत्या, मी तिथे नवी लागले होते, एवढं पुरे.

पुण्याहून कोयना एक्सप्रेसने आम्ही तिघी निघालो. एसीचं तिकीट काढायचं नाही हा माझा हट्ट, आणि त्यावरून बाकी दोघी जेजुरीपासून वाठारपर्यंत मला ऐकवत होत्या. साताऱ्यानंतर ऊस सुरू झाला, बोलणं सिस्टरांवर आलं आणि उकाड्याचा विषय मागे पडला.

नवीन मुलगी आली की पहिल्याच आठवड्यात मोठ्या सिस्टर तिला रिकाम्या खाटेवर झोपवायच्या. उताणं. हलायचं नाही, कूस बदलायची नाही, खाज सुटली तरी हात उचलायचा नाही. चादरीखाली त्यांनी आधीच भाकरीचा वाळका तुकडा ठेवलेला असायचा, नखाएवढा, आणि कमरेच्या खाली चादरीला मुद्दाम एक चुणी पाडलेली. पहिली पाच मिनिटं हसू येतं. पंधराव्या मिनिटाला तो तुकडा पाठीत रुतायला लागतो आणि अर्ध्या तासानं त्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. तासाभरानं सिस्टर यायच्या, घड्याळ बघायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ. तुला उठता आलं. लकव्याच्या माणसानं काय करायचं?"

बेडसोरचा, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांचा, धडा पुस्तकातून पाठ करायची गरज त्यानंतर उरायची नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा, माकडहाड, खांद्याची पाती बोटांनी चाचपायची, कुठे लाली दिसते का ते दिवसाच्या उजेडात बघायचं, चादर ताणून चारी कोपरे नीट दुमडायचे. त्यांच्या वॉर्डात पाठीला जखम झाली तर ती कोणत्या पाळीत पहिल्यांदा दिसली ते रजिस्टरात लाल शाईनं लिहावं लागे. त्या लाल शाईला आम्ही डॉक्टरांपेक्षा जास्त घाबरायचो. हातमोजे तेव्हा धुऊन परत वापरायचे. ते पाणी भरून पिळून बघायचे, भोक असेल तर बाजूला, नसेल तर वाळवून, पावडर लावून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करायला. सिस्टर ढिगातला कुठलाही एक उचलून स्वतः पाणी भरायच्या. नेमका गळका कसा सापडायचा ते देव जाणे.

देवाचं निघालंच आहे तर सांगते. वॉर्डात त्या धर्माबद्दल कुणाशी एक अक्षर बोलल्याचं मला आठवत नाही. बायबल ड्रॉवरमध्ये असायचं, त्यावर टॉर्च आणि कात्री. पाळी सुरू होताना मात्र त्या दारात उभ्या राहायच्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या. आम्हाला वाटायचं, खाटा मोजतायत. बऱ्याच वर्षांनी मी धीर करून विचारलं. म्हणाल्या, "नावं घेते. एकेकाचं. सगळ्यांसाठी एकदम मागितलं तर कुणासाठीच मागितल्यासारखं होत नाही." आणि त्याच दमात, "सात नंबरचं युरिन मोजलंस का?"

असो. मिरज आली.

लॉजबद्दल न बोललेलंच बरं. डास होते, पंखा होता, पण दोघांची भेट होत नव्हती. सकाळ मोकळी होती म्हणून वानलेस हॉस्पिटलच्या बाजूला चक्कर मारली, कारण सिस्टर तिथल्या. म्हणजे शिकल्या तिथे. विल्यम वानलेस हा कॅनडाचा मिशनरी डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आला, १८९४ साली मिरजेत त्याचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि १८९७ पासून तिथे परिचारिकांचं शिक्षण सुरू झालं. घरंदाज म्हणवणारी माणसं आपल्या मुलींना परक्या पुरुषाचं अंग पुसायला पाठवायला तयार नव्हती तो हा काळ. ते काम पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती मुलींनी केलं. आज नर्सिंगच्या प्रवेशासाठी रांगा लागतात, पण आधीच्या त्या मुलींची आठवण फारशी कुणी काढत नाही. पुढे वानलेसना 'सर' किताब मिळाला, आणि सांगली रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची, जिथे क्षयाच्या रोग्यांसाठी वेगळं रुग्णालय झालं.

सिस्टर इथे आल्या त्या छोट्या गाडीनं. मिरज-पंढरपूर ही नॅरोगेज लाइन १९२७ सालची. रेल्वे सरकारी झाली तरी त्या तिला शेवटपर्यंत जुन्या खासगी कंपनीच्या नावानं 'बार्शी लाईट'च म्हणायच्या. सांगोला, जतरोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, आरग अशी स्टेशनं त्या एका श्वासात म्हणून दाखवायच्या. ट्रंक, एक सतरंजी आणि पाळकांची चिठ्ठी. वडिलांनी ढालगावपर्यंत सोबत केली आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वाचवायला तिथे उतरून चालत मागे गेले, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, तेही मी घरची आठवण काढून रडत होते म्हणून. आता तिथून ब्रॉडगेज जाते. छोट्या गाडीचा फलाट कुठे होता ते मी एका हमालाला विचारलं. त्यानं ज्या दिशेला हात केला तिथे मोटारसायकली लावलेल्या होत्या.

उपासना संध्याकाळची. सुरुवात इतकी छान झाली की मी लॉजचे डास माफ केले. पेटी, तबला, झांजा, आणि रेव्हरंड टिळकांची भजनं. हे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, पण अभंगाची चाल कानावर पडली आणि माझ्यासारखी आळंदीला जाणारी बाईसुद्धा आपोआप टाळी धरून बसली. पाळकांनी तेविसावं स्तोत्र वाचलं, थोडक्यात प्रार्थना केली. इथे थांबले असते तर किती बरं झालं असतं!

थांबले नाहीत. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते पाऊण तास उशिरा आले, मग त्यांचं शाल-श्रीफळ, मग आणखी कुणाकुणाचं शाल-श्रीफळ, मग भाषणं. एका वक्त्यानं सिस्टरांचं आडनाव चुकीचं घेतलं. दुसऱ्यानं सांगितलं की सिस्टरांनी आयुष्यात एकही रजा घेतली नाही. तिसऱ्यानं त्यावर कडी केली, की त्यांनी कधी पगाराकडे बघितलं नाही, आजकालच्या नर्सेसनी यातून बोध घ्यावा. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या दोघींनी माझे दोन्ही हात धरून ठेवले, नाहीतर मी उठलेच असते.

रजा घेतली नाही? दर वर्षी नाताळच्या आदल्या रात्री मोठ्या सिस्टर ड्युटीवर नसायच्या म्हणजे नसायच्या, साहेबांनी हात जोडले तरी. दिवाळीच्या चारही रात्री त्या स्वतः घ्यायच्या, आम्हाला घरी पिटाळायच्या आणि नाताळला आमच्याकडून तितक्याच कडकपणे वसूल करायच्या. पगाराचं म्हणाल तर युनिफॉर्मचा भत्ता अडला तेव्हा त्या रोज सकाळी ऑफिसच्या बाकावर जाऊन बसायच्या, काही न बोलता, पाकीट हातात येईपर्यंत. रात्री सुटणाऱ्या मुलींना गाडी मिळावी म्हणून वर्षभर भांडल्या. "फुकट काम करणाऱ्याला जाब विचारता येत नाही," हे त्यांचं वाक्य. जाब विचारता यायला हवा, म्हणून पगार हवा. आता त्यांच्याच नावानं आमच्या पोरींना कमी पैशांत राबण्याचा उपदेश चालला होता! मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही याचा फायदा किती घ्यावा माणसानं? दुष्टपणा नव्हता त्यात, हे मलाही कळत होतं. सवय आहे आपली. काम केलेली बाई दिसली की तिची मूर्ती करायची, म्हणजे ती काय मागत होती ते ऐकावं लागत नाही.

शेवटी पाळकांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. मागच्या बाकावरून आमच्या वॉर्डातल्या मावशी उठल्या. झाडू-पोछा करायच्या त्या. आता पाठीत वाकल्यात. सून आधाराला होती. माईक त्यांनी हातात घेतलाच नाही.

"मला भाषण येत न्हाई," म्हणाल्या. "बाई मला लई रागवायच्या. रोज. खाटंखाली वाकून बगायच्या आन् म्हनायच्या, मावशी, ह्यो कोपरा कुनाचा? मी घरी जाऊन लई शिव्या द्यायची त्यास्नी." लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. "मग माझं मालक आजारी पडलं. आपल्याच वॉर्डात घातलं. माझी ड्युटी व्हती. मी झाडू घेऊन त्यांच्या खाटंपाशी आले, तर बाईंनी माझ्या हातातनं झाडू काढून घेतला. म्हनल्या, आज तुमी नातेवाईक हाईसा. खुर्चीवर बसा. आन् बाई वाकल्या आन् त्या खाटंखालचा केर त्यांनी काडला. कोपऱ्यातलाबी. तीन दिस. मालक गेलं तवर."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला समजेना. प्रमुख पाहुणे मोबाइल बघत होते, त्यांनी तो खिशात ठेवला. माझ्या हातांवरची पकड सुटली होती, कारण दोघीही पदरानं डोळे पुसत होत्या. मी त्या वॉर्डात होते त्या दिवसांत. मला हे माहीत नव्हतं. सिस्टर रोज सकाळी सातच्या आधी येतात ते आमच्यावर पाळत ठेवायला, अशी आमची सगळ्यांची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत गेलो. कबरीवर नवी फरशी बसवलेली, नाव, जन्म-मृत्यूची दोन सालं आणि 'परिचारिका'. बास. हे पुतण्यानं केलं होतं, आणि फ्लेक्स कमिटीनं, हे तो आम्हाला तिथल्या तिथे, न विचारता सांगून मोकळा झाला. मुलगा बरा वाटला मला. नंतरच्या प्रीतीभोजनाबद्दल एकच सांगते, मटणाचा रस्सा असा होता की माझ्या शाकाहारी मैत्रिणीनंसुद्धा वास घेत वरणभात खाल्ला. सतारमेकर गल्ली बघायची राहिली. गाडीची वेळ झाली होती.

खरा प्रकार जेवताना सुरू झाला. कमिटीनं जाहीर केलं की दर वर्षी सिस्टरांच्या नावानं स्मृतिपुरस्कार द्यायचा. ट्रॉफी, शाल, पाहुणे, सगळं परत. मी पुतण्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ट्रॉफीच्या पैशांत हवेच्या गाद्या येतात. पंपवाल्या, ज्यांच्यातली हवा आलटून पालटून भरते आणि अंथरुणावर खिळलेल्या माणसाच्या पाठीवरचा दाब बदलत राहतो. साधी गादी तीनेक हजारांत मिळते, पण घरी लकव्याचा रुग्ण असलेल्या कितीतरी लोकांना ती असते हेच माहीत नसतं. माहीत असलं तरी चार महिन्यांसाठी कोण घेतं? आपण घ्यायच्या, फुकट वापरायला द्यायच्या, काम झालं की परत. आणि गादी देताना घरच्या माणसाला बजावायचं, की गादी असली तरी कूस बदलावीच लागते. हे न सांगता गादी दिली तर सिस्टर कबरीतून उठून येतील. त्याला पटलं. कमिटीला अर्धवट पटलं, म्हणजे ट्रॉफीही राहील आणि गाद्याही येतील.

गाद्यांचं काम आता आमच्या ग्रुपवर आलंय आणि तिथे रोज नवा वाद आहे. अनामत घ्यायची की नाही? पंप बिघडला तर खर्च कुणाचा? परत आलेली गादी कुणी धुवायची? सगळ्यात मोठा वाद मात्र, गादीवर सिस्टरांचं नाव छापायचं का. मी ठाम नको म्हटलं. फ्लेक्स बघून आले होते ना. पुतण्याही माझ्या बाजूनं होता. मग कुणीतरी मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "छापा की. बाईंचं नाव बगितलं म्हंजी लोकं धुवून परत देतील."

छापायला टाकलंय.